तारमास्तर सैतानाच्या टेकडीवर

"रात्रपाळीला यांना चहा कोण द्यायचं?"

बर्लिनच्या टॉयफेल्सबर्ग टेकडीवर शीतयुद्धात पलीकडचं बोलणं चोरून ऐकण्याचं अमेरिकन-ब्रिटिशांचं ठाणं होतं. त्याच्या फाटकातून आत शिरल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो हा. समोर माथ्यावर ते प्रसिद्ध घुमट होते. पांढरे, गोल, जागोजागी फाटलेले, फाटलेल्या कापडाच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडतायत. मी आठवडाभर शीतयुद्ध, अमेरिका, रशिया, हेरगिरी असं सगळं सांगून त्यांची तयारी करून घेतली होती. आणि यांना काळजी चहाची.

"कॉफी पीत असतील," मी म्हटलं.

"कॉफी म्हण. पण आणून कोण द्यायचं? खुर्ची सोडून उठता येत नाही त्या कामात."

त्यांना ते माहीत असणार. अण्णा, माझे वडील, तार खात्यात होते. सत्तरच्या दशकात कोल्हापुरात मोर्सच्या, म्हणजे डॉट-डॅशच्या तारलिपीच्या टेबलावर बसले, पुढे टेलिप्रिंटर आले तेव्हा त्यावर गेले आणि टेलिप्रिंटरही उचलून नेले तेव्हा सेवानिवृत्तीला आले होते. १४ जुलै २०१३ला देशातली शेवटची तार घेतली गेली, त्या रात्री टीव्हीवर लोकांच्या रांगा दाखवत होते. अण्णांनी दोन मिनिटं पाहिलं आणि "यातल्या एकानं तरी गेल्या दहा वर्षांत तार केली होती का?" असं विचारून झोपायला गेले. आता शहात्तर वर्षांचे आहेत, दोन्ही कानांत मशीन आहे. मागच्या ऑक्टोबरात आई आणि ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे बर्लिनला आले होते. आईच्या गुडघ्यांना टेकडी झेपली नसती, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

हेअरश्ट्रासे स्टेशनला उतरलं की अर्ध्या तासाची चाल आहे. वाटेत शेजारची सपाट माथ्याची दुसरी टेकडी लागते, द्राखनबर्ग. तिथे लोक पतंग उडवत होते. जर्मनमध्ये पतंगाला आणि आग ओकणाऱ्या त्या राक्षसी सरड्याला एकच शब्द आहे, द्राखन. अण्णांना हे फार आवडलं. "एका टेकडीवर राक्षस, दुसरीवर सैतान," ते म्हणाले. टॉयफेल म्हणजे सैतान. पायथ्याच्या जंगलात एक लहानसं तळं आहे, सैतानाचं तळं, त्यावरून टेकडीला नाव पडलं. तळं जुनं आहे. टेकडी मात्र अण्णांच्याच वयाची, किंबहुना थोडी धाकटीच.

ही टेकडी निसर्गाने केलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनची जी घरं पडली त्यांच्या विटा, चुना, कौलं, दारांच्या चौकटी, न्हाणीघराच्या फरशा १९५०पासून इथे आणून ओतल्या. वीसेक वर्षं ओतत होते. ऐन भरात दिवसाला आठशेपर्यंत ट्रक यायचे. सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर राडारोडा साठला आणि सपाट बर्लिनमध्ये समुद्रसपाटीपासून १२० मीटर उंचीचा डोंगर उभा राहिला. वर माती पसरली, झाडं लावली. पाऊस पडून गेला की पायवाटेच्या कडेला अजून विटांचे तुकडे उघडे पडतात. अण्णांनी एक उचलला, अंगठ्याने पुसला, उलटापालटा करून पाहिला आणि होता तिथेच परत ठेवला.

आणि या राडारोड्याच्याही खाली आणखी एक इमारत आहे. हिटलरच्या राजवटीत इथे सैनिकी तंत्रविद्येचं महाविद्यालय उभं राहत होतं. १९३७च्या नोव्हेंबरात खुद्द हिटलरने त्याची कोनशिला बसवली होती. युद्ध सुरू झालं, काम अर्धवट राहिलं. युद्धानंतर ते सुरुंगाने उडवायला गेले तर भिंती एवढ्या भक्कम की उडवण्यापेक्षा गाडणं स्वस्त पडलं. म्हणून शहराचा मलबा नेमका इथे आला. पुरावा लपवायला त्याच्यावर गावभराचं दुःख ओतलं, असं काहीतरी मी म्हणालो. अण्णांनी लक्ष दिलं नाही. माझ्या असल्या वाक्यांकडे ते नेहमीच दुर्लक्ष करतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

ऐकण्याची गोष्ट इथून पुढे सुरू होते. पश्चिम बर्लिन म्हणजे पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं बेट. चहूबाजूंनी सोव्हिएत फौजा, लाखोंच्या संख्येने. त्यांचं मुख्यालय व्युन्सडॉर्फला, शहराच्या दक्षिणेला गाडीने तासाभरावर. रणगाडा रणगाड्याशी बोलतो, विमान तळाशी बोलतं, ते ज्या लहरींवर, त्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वळणाआड, डोंगराआड त्या पोचत नाहीत. म्हणजे ऐकणाऱ्याला उंची हवी. उत्तर जर्मनीचं मैदान परातीसारखं सपाट, आणि त्या परातीच्या मधोमध अमेरिकन आणि ब्रिटिशांना हा आयता डोंगर मिळाला. १९६१च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याच्या गाड्या अँटेना घेऊन वर गेल्या. इथे ऐकू येतं तेवढं कुठेच येत नाही हे कळायला वेळ लागला नाही. त्याच ऑगस्टात खाली शहरात भिंत बांधायला घेतली गेली. दोन वर्षांत वर पक्कं बांधकाम सुरू झालं आणि ते वाढतच गेलं. कागदोपत्री नाव 'फील्ड स्टेशन बर्लिन', सैनिकांच्या तोंडी नुसतं 'द हिल'. टेकडीवर चाललोय, टेकडीवरून आलोय. आपल्याकडे कारखान्याच्या गावात 'कारखान्यावर' म्हणतात, तसं.

घुमटांचं काम दोन प्रकारचं. आतल्या अँटेनांना ऊन-पाऊस-बर्फ लागू नये हे एक. आणि अँटेनाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बाहेरून दिसू नये हे दुसरं, खरं. मी हे सांगितल्यावर अण्णा हसले. त्यांच्या ऑफिसात एक साहेब होते म्हणे, बारा महिने काळा चष्मा लावायचे. कुणाकडे बघतायत ते कळू नये म्हणून.

आत रिकामे मजले आहेत. प्रत्येक भिंत रंगवलेली. हे सगळं आता चित्रांचं दालन आहे, तिकीट काढून बघायचं. चित्रं काही फार चांगली, काही नुसतीच मोठी. अण्णांचं लक्ष चित्रांवर नव्हतं. जमिनीवर केबलसाठी केलेले चर, भिंतीतली भोकं, दिव्यांचे आकडे यावरून ते टेबलं कुठे असतील याचा अंदाज घेत होते. मी त्यांना वाचून माहीत झालेलं सांगत होतो. चोवीस तास काम, तीन पाळ्या. पाळीला अमेरिकन सैनिकांचा शब्द होता 'ट्रिक'. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी सैन्याची भाषाशाळा आहे. तिथे वर्षभर रशियन, जर्मन, पोलिश, चेक घोटून आलेली विशी-बाविशीतली पोरं कानांना हेडफोन लावून बसायची. कुणी बोलणं टिपायचं, कुणी मोर्स. मोर्स टिपणाऱ्यांना म्हणायचे 'डिटी बॉपर', डिट-डा-डिटच्या तालावर डोलणारे. ऐकता ऐकता थेट टंकलेखन यंत्रावर उतरवायचं. आणि या सगळ्या ऐकणाऱ्या जमातीत एक वाक्य प्रचलित होतं: देवावर विश्वास, बाकी सगळ्यांवर कान.

"डोलणारे," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे पवार डोलायचे."

मग ते बोलायला लागले. एरवी त्यांना खात्याबद्दल बोलतं करणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. पण त्या रिकाम्या हॉलमध्ये, एका प्रचंड निळ्या घुबडाच्या चित्राखाली उभं राहून ते दहा मिनिटं बोलले असतील. त्यांनी सांगितलं की मोर्स मुळात डोक्याने वाचतच नाहीत, कान थेट बोटांना सांगतो. मध्ये विचार आला की अक्षर हुकलं. सुरुवातीला सहा महिने आपण अक्षरं ऐकतो, मग शब्द, आणि एक दिवस माणूस ऐकू यायला लागतो. प्रत्येकाचा 'हात' वेगळा. सांगलीचा एक मास्तर प्रत्येक शब्दाच्या शेवटी किंचित घाई करायचा, मिरजेचा एक असा वाजवायचा की जणू पान चघळतोय. पलीकडे कोण बसलंय ते पहिल्या दोन अक्षरांत कळायचं. तोंड कधी पाहिलेलं नाही, पण आज त्याला बरं नाहीये हेसुद्धा कळायचं.

टेकडीवरच्या पोरांनाही हे येत होतं. जगभरच्या लष्करी मोर्स ऐकणाऱ्यांना यायचं. मजकूर सांकेतिक असो, युनिटने नाव बदललेलं असो, वाजवणाऱ्याचा हात बदलत नाही. काल एका गावाहून वाजवणारा हात आज दुसऱ्या दिशेने ऐकू आला, तर त्याच्याबरोबर त्याची पलटणही हलली. मजकुराचं एक अक्षर न फोडता एवढं कळतं. कोण कुणाशी किती वेळा बोललं, अचानक बोलणं वाढलं का, एकदम गप्प झाले का, याचाच हिशेब मांडायचा. गप्प होणं सगळ्यात वाईट. फौज निघण्याआधी गप्प होते.

"त्यात काय विशेष," अण्णा म्हणाले. "गुळाच्या हंगामात व्यापाऱ्यांच्या तारा असायच्या. त्यांची आपापली सांकेतिक भाषा, कळायचं काही नाही. पण सकाळी नऊला एकदम सहा तारा गुजरातला गेल्या की आम्हाला समजायचं, भाव हलला."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? पुढची तार घ्यायची."

हे उत्तर त्यांनी ज्या सहजपणे दिलं त्यावर मी नंतर बराच विचार केला. १८८५च्या तार कायद्यात तार खात्याच्या माणसाने मजकूर बाहेर फोडला तर तुरुंगाची तरतूद होती. (त्याच कायद्याचं पाचवं कलम सरकारला मात्र आणीबाणीत कुणाचीही तार वाचायची मुभा देत होतं. इंग्रजांनी केलं, आपण जपलं.) पण अण्णा तुरुंगाला भिऊन गप्प राहत होते असं मला वाटत नाही. मी आठवी-नववीत असताना आमच्या गल्लीतल्या एका मुलाला सैन्यात असताना अपघात झाला. तार रात्री अण्णांच्याच टेबलावर उतरली. तार पोचवायची ती तारवाल्याने, सही घेऊन. अण्णा पाळी संपवून पहाटे घरी आले ते त्या घरावरूनच. त्या मुलाची आई अंगणात सडा घालत होती. ती म्हणाली, "काय अण्णा, सुटली का पाळी?" आणि अण्णा "सुटली" म्हणून पुढे आले. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि न जेवता बसून राहिले, तासाभराने तिकडून रडण्याचा आवाज येईपर्यंत. आईने हे मला फार वर्षांनी सांगितलं. अण्णांनी आजतागायत नाही.

तर टेकडीवर. तिथल्या हजारो माणसांनीही बहुतेक तोंड मिटूनच ठेवलं. ज्याने नाही ठेवलं त्याचं नाव जेम्स हॉल. १९८२ ते ८५ तो फील्ड स्टेशन बर्लिनला होता. बरॅकच्या आवारात सैनिकांच्या गाड्या दुरुस्त करायची कार्यशाळा होती, तिथे हुसेयिन यिल्दिरिम नावाचा तुर्की मेकॅनिक काम करायचा. सगळे त्याला 'माइस्टर' म्हणायचे, म्हणजे उस्ताद. हॉल कागद बाहेर आणायचा, उस्ताद ते पूर्व बर्लिनला श्टाझीकडे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांकडे पोचवायचा. रशियाच्या केजीबीलाही हॉलने माल विकला. टेकडी काय ऐकते, कसं ऐकते, काय ऐकू येत नाही, हे सगळं ज्यांचं ऐकायचं त्यांनाच कळत होतं. हॉलला विचारधारा वगैरे काही नव्हती. पैसे हवे होते. १९८८च्या डिसेंबरात अमेरिकेत, सॅव्हाना शहरातल्या एका मोटेलमध्ये, रशियन असल्याचं सोंग घेतलेल्या एफबीआयच्या माणसासमोर तो सगळं बोलला आणि पकडला गेला. चाळीस वर्षांची शिक्षा झाली, २०११ला सुटला. उस्तादला जन्मठेप झाली. तोही पुढे सुटून तुर्कस्तानला गेला.

अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेकॅनिक चांगला होता का?"

समोरची बाजूही काही कानांत बोळे घालून बसलेली नव्हती. हार्त्स पर्वतातलं ब्रोकेन हे शिखर, ११४१ मीटर, सीमेच्या पूर्वेला आलं होतं. तिथे सोव्हिएत आणि श्टाझी या दोघांचीही ठाणी होती आणि रोख पश्चिमेकडे. तिथेही पांढरा घुमट. लोक त्याला चेष्टेने 'श्टाझीची मशीद' म्हणत. त्या ठाण्याचं गुप्त नाव 'उरियान', आणि उरियान हे जुन्या जर्मनमध्ये सैतानाचंच नाव. म्हणजे दोन्हीकडे सैतानच कान लावून बसले होते, एक खऱ्या डोंगरावर, एक मलब्याच्या.

पाळण्याची गोष्ट मी अण्णांना मुद्दाम राखून ठेवली होती. बर्लिनमध्ये दर उन्हाळ्यात जर्मन-अमेरिकन जत्रा भरायची. एका वर्षी टेकडीवरच्यांना काही ठरावीक लहरी नेहमीपेक्षा फारच स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. काही आठवड्यांनी पुन्हा पूर्वीसारखं. शोधाशोध केली तर जत्रेतला तो मोठा लोखंडी आकाशपाळणा कारण निघाला. त्याच्यामुळे लहरी टेकडीकडे वळत होत्या. मग म्हणे जत्रा संपल्यावरही पाळणा काही दिवस उभाच ठेवायला लावला. ही गोष्ट टेकडीवर काम केलेली माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. अण्णांचा विश्वास लगेच बसला. पावसाळ्यात तारेवर वेल चढली तरी काय काय ऐकू यायचं, म्हणाले.

आणि हे सगळं चालू असताना त्याच टेकडीच्या उतारावर लोक बर्फात घसरायला यायचे. १९८६च्या डिसेंबरात इथे विश्वचषक मालिकेतली स्कीईंगची शर्यतसुद्धा झाली. एका उतारावर द्राक्षाचे वेल लावलेले होते. वर अणुयुद्धाची चाहूल घेतायत, खाली पोरं घसरतायत, बाजूला वाईन पिकतेय. गावं अशीच असतात.

मला या टेकडीबद्दल सगळ्यात विलक्षण काय वाटतं ते ९ नोव्हेंबर १९८९ची संध्याकाळ. अठ्ठावीस वर्षं ज्या भिंतीपलीकडचं ऐकायला एवढा कारभार मांडला, ती भिंत पडली कशी? पूर्व जर्मनीच्या पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेला बसले होते. हातात एक चिठ्ठी, ती त्यांनी धड वाचलेली नव्हती. नागरिकांना प्रवासाची परवानगी मिळणार, म्हणाले. कधीपासून, असं पत्रकारांनी विचारलं. शाबोव्स्कींनी कागद खालीवर केले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे, ताबडतोब, विनाविलंब. हे टीव्हीवर थेट चाललं होतं. त्यात सांकेतिक काही नव्हतं, लहरी पकडायच्या नव्हत्या, हात ओळखायचा नव्हता. घराघरांत लोकांनी ऐकलं आणि उठून नाक्यांवर गेले. टेकडीवर त्या रात्री पाळीला बसलेल्या पोराच्या कानात काय येत असेल? पलीकडच्यांनाच काय चाललंय ते कळत नव्हतं. तो बिचारा त्यांचा गोंधळ इमानदारीने टिपत असणार.

पुढचं थोडक्यात. १९९२पर्यंत अमेरिकन निघून गेले, यंत्रं घेऊन. १९९९पर्यंत हवाई वाहतुकीसाठी एका भागाचा वापर झाला. बर्लिन सरकारने जागा १९९६ला बिल्डरांना विकली, आलिशान घरं आणि हॉटेल होणार होतं, दिवाळं निघालं. मग २००७-०८च्या सुमारास आपली मंडळी आली. म्हणजे महर्षी महेश योगींची. त्यांना इथे ध्यानाचं विद्यापीठ आणि 'अजिंक्यतेचा मनोरा' बांधायचा होता, आणि दिग्दर्शक डेव्हिड लिंच त्यांच्या बाजूने प्रचाराला बर्लिनला आले होते. त्या सभेत महर्षींच्या जर्मन प्रतिनिधीने 'अजिंक्य जर्मनी'ची घोषणा दिली. अजिंक्य जर्मनी, आणि तेही बर्लिनमध्ये! प्रेक्षकांतून लोक ओरडले, हेच हिटलरला हवं होतं. परवानगी अर्थातच मिळाली नाही. अण्णा हे ऐकून इतके हसले की कानातलं एक मशीन निसटून हातात आलं. २०१८ला सगळी जागा संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाली, तेव्हा मनोरा, हॉटेल, सगळेच प्रश्न मिटले.

त्या दिवशी सर्वांत वरच्या घुमटात सोडत होते. जिना अंधारा, अण्णा प्रत्येक मजल्यावर थांबत होते, पण परत फिरू या का असं विचारल्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मी पुन्हा विचारलं नाही. वर पोचलो. त्या घुमटात काहीच नाही. अँटेना गेलेला, फक्त गोल पांढरी पोकळी आणि दुधातून गाळून आल्यासारखा उजेड. पण आवाज! नुसतं पाऊल सरकवलं तरी चोहोबाजूंनी तो परत येतो, आपल्याच मानेमागे कुणीतरी उभं असल्यासारखा. एक जर्मन मुलगी मधोमध उभी राहून एकच सूर लावत होती. तिने तोंड मिटलं तरी सूर चालूच होता. अण्णांनी कपाळाला आठ्या घालून दोन्ही मशीनं काढली आणि खिशात टाकली.

"फार होतंय का?" मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, आणि माझाच प्रश्न माझ्यावर चारदा आदळला.

त्यांनी हातानेच थांब म्हटलं. ती मुलगी आणि तिची माणसं खाली उतरेपर्यंत थांबले. मग कडेला एक लोखंडी खांबाचा बुंधा होता तिथे गेले आणि बोटातल्या अंगठीने त्यावर टकटक केली. कड-कट्-कड. थांबून, पुन्हा.

"के," ते म्हणाले. "के म्हणजे, पाठव, मी ऐकतोय."

मग मला समजावून सांगितलं, जे चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. जुन्या यंत्रावर मोर्सचा सूर नसतो, दोन टोले असतात. पट्टी खाली आपटली की एक, वर गेली की एक. डॉट असो की डॅश, टोले सारखेच. दोन टोल्यांच्या मधे किती जागा सुटली त्यावरून ओळखायचं. म्हणजे तारमास्तर टोले ऐकतच नाही, मधली जागा ऐकतो.

"इथे नाही वाचता येणार," ते म्हणाले. "मधली जागाच राहत नाही. सगळं भरून जातंय."

मग त्यांनी डावा हात खांबावर सपाट ठेवला, खांबाची थरथर थांबेपर्यंत, आणि उजव्या हाताने परत वाजवायला घेतलं, या वेळी फार सावकाश, एका टोल्याचा घुमारा पुरता विझल्यावरच दुसरा, नव्या लागलेल्या उमेदवाराला पहिल्या दिवशी वाजवून दाखवावं तसं.